रॅमडिस्कची मेमरी परत का मिळत नव्हती: बीआरडी ड्रायव्हर आणि डिस्कार्डची पार्श्वभूमी

लिनक्सवर ज्यांनी रॅमडिस्क (रॅममधली जागा डिस्क म्हणून दाखवणारी सोय) वापरलीय त्यांना हे माहीत असतंच की त्यावर एक जीबीची फाइल टाकली आणि लगेच उडवली तरी सिस्टिमची मोकळी मेमरी काही वर येत नाही. फाइल डिलीट झाली की फाइलसिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदी बदलते, खालच्या ड्रायव्हरला (रॅमडिस्कचा ड्रायव्हर म्हणजे बीआरडी) कुणी कळवतच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) अजून वापरातच. टीएमपीएफएसला (थेट मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) हा प्रश्न येत नाही, कारण तिथे मध्ये ब्लॉक डिव्हाइसच, म्हणजे डिस्कसारखं डिव्हाइसच, नसतं. पण फाइलसिस्टिमने खाली कळवायची सोय, म्हणजे डिस्कार्ड, कर्नलमध्ये २००८ च्या शेवटी आली आणि रॅमडिस्कची मेमरी त्यातून खरोखर सुटायला लागली २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत काय काय झालं ते एकत्र कुठे मिळत नाही म्हणून हे लिहितोय.

२००८ च्या आधीच्या जुन्या ड्रायव्हरचं थोडक्यात सांगतो. तो वेगळी मेमरी घ्यायचाच नाही, बफर कॅशमधलीच (डिस्कचा डेटा तात्पुरता ठेवायची कर्नलची जागा) पेजेस डर्टी, म्हणजे अजून डिस्कवर न लिहिलेली, म्हणून मार्क करून ठेवायचा म्हणजे कर्नल ती परत घेणार नाही. बूट झाल्यावर इनिटआरडीची (बूटच्या वेळी वापरायची तात्पुरती रॅमडिस्क) जागा सोडवायला आधी अनमाउंट करायचं आणि मग बफर फ्लश करायचा आयऑक्टल (ड्रायव्हरला थेट द्यायची आज्ञा) मारायचा, बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचातली फ्रीरॅमडिस्क कमांड हेच करते. बाकी कुठल्याही डिस्कवर हा आयऑक्टल फक्त कॅश रिकामा करतो, रॅमडिस्कवर मात्र अख्खी डिस्कच पुसायचा. म्हणजे सोडायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

२००८ मध्ये कर्नल २.६.२५ बरोबर ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला, तोच आजचा बीआरडी. यात प्रत्येक डिस्कची स्वतःची रॅडिक्स ट्री (जागेच्या क्रमांकावरून पेज शोधायची झाडासारखी रचना) आणि त्यात पेजेस, पहिल्यांदा लिहिलं की पेज घ्यायचं, न लिहिलेल्या जागेवरून वाचलं तर शून्यं द्यायची. डिझाइन खरंच छान आहे, वाचायला बसलं तर एका बैठकीत समजतं. पेज शोधायच्या फंक्शनमध्ये तेव्हा एक कमेंट लिहिली होती, तिचा मथितार्थ असा की डिव्हाइस उघडं असताना आपल्या हातातलं पेज कुणी डिलीट करणार नाही, म्हणून इथे लॉक किंवा रेफरन्स काउंटची (पेज किती जण वापरताहेत त्या मोजणीची) गरज नाही. ही कमेंट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे.

डिस्कार्ड आलं ते मुख्यतः एसएसडीच्या ट्रिमसाठी, म्हणजे कुठली जागा आता नको हे एसएसडीला कळवायला. २०१० मध्ये बीआरडीलाही ते मिळालं, आणि इथेच तो वादाचा निर्णय झाला. डिस्कार्डची रिक्वेस्ट आली की कोड एकेका पेजवरून फिरायचा आणि आत लिहिलं होतं ‘इफ शून्य’ तर पेज फ्री करा, ‘एल्स’ पेजमध्ये शून्यं भरा. इफ शून्य म्हणजे पहिली फांदी कधीच चालणार नाही. फ्री करायचा कोड लिहिलेला, समोर दिसतोय, पण कायमचा बंद, वर कमेंट की पेजेस खरोखर सोडली तर ती पुन्हा घेताना जास्त लोडखाली राइटबॅक डेडलॉक होऊ शकतो.

हे कारण पोकळ नव्हतं. मेमरी संपत आली की कर्नल डर्टी पेजेस डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करायला बघतो, आता ती डिस्कच रॅममध्ये असेल आणि तिथलं पेज आपण आधी सोडून दिलेलं असेल, तर लिहायला नवीन पेज लागणार, म्हणजे मेमरी मोकळी करायला आधी मेमरी हवी. पेज मागताना ड्रायव्हर नोआयओ फ्लॅग (मेमरी मिळवायला डिस्कवर वाचू-लिहू नको असं सांगणारा) वापरायचाच, नाहीतर मेमरी मागता मागता कर्नल परत त्याच फाइलसिस्टिममध्ये शिरला असता, पण त्या फ्लॅगने मेमरी निर्माण थोडीच होते. ज्यांना खात्री हवी ते डिस्क सुरुवातीला एकदा पूर्ण भरून घ्यायचे, सगळी पेजेस आधीच ताब्यात आली की नंतर अडायचा प्रश्न नाही. डिस्कार्डने पेजेस खरंच सोडली असती तर ही राखून ठेवलेली जागा न सांगता निघून गेली असती.

तरीपण मला तो निर्णय अर्धाच बरोबर वाटतो. डेडलॉकची भीती होती तर डिस्कार्ड द्यायचंच नव्हतं. दिलं, आणि वर कळवलं की आम्हाला जमतं, आणि आत मात्र शून्यं भरत बसलो, म्हणजे मेमरी एक बाइट कमी झाली नाही, उलट सीपीयू खर्च झाला. एफएसट्रिम (फाइलसिस्टिममधली सगळी मोकळी जागा डिस्कार्ड करायची कमांड) चालवणाऱ्याला कमांड यशस्वी दिसायची, किती बाइट ट्रिम झाले तो आकडाही दिसायचा, आणि मेमरी तिथेच. शिवाय न लिहिलेल्या जागेवर पहिल्यांदा लिहिताना हाच धोका आधीपासून होताच, तो कुणी बंद केला नव्हता. सोडायचं की राखायचं हे वापरणाऱ्याला निवडू द्यायला एक मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हर लोड करताना द्यायची सेटिंग, पुरला असता.

२०१७ मध्ये कर्नल ४.१२ च्या वेळी हे डिस्कार्ड काढून टाकलं. कारण दिलं ते असं की हे म्हणजे ड्रायव्हरच्या आत शून्यं लिहायचंच दुसरं रूप आहे आणि पेजच्या हद्दीला न जुळणारी रिक्वेस्ट आली तर तेही नीट होत नाही. त्याच रिलीजमध्ये डिस्कार्डनंतर शून्यंच वाचायला मिळतील हे आश्वासन अख्ख्या ब्लॉक लेयरमधून गेलं, शून्यं हवी असतील तर त्यासाठी वेगळी कमांड आधीच आली होती. काढलं ते योग्यच केलं, पण त्या जागी खरं फ्री करणारं काही आलं नाही. वर अख्खी डिस्क पुसणारा तो जुना आयऑक्टलही २०२० च्या आधीच बीआरडीतून गेला होता.

ज्यांची गरज होती ते बाजूच्या वाटेने गेले. लूप डिव्हाइसला (फाइललाच डिस्क म्हणून वापरायची सोय) २०११ मध्ये डिस्कार्ड आलं, खालच्या फाइलला भोक पाडून, म्हणजे फाइलच्या मधल्या भागाची जागा सोडून, आणि टीएमपीएफएसला भोक पाडता यायला लागलं २०१२ मध्ये, म्हणजे टीएमपीएफएसवर फाइल आणि तिच्यावर लूप केलं की मेमरी परत देणारी रॅमडिस्क तयार. झेडरॅमकडे (डेटा दाबून ठेवणारी रॅमडिस्क) तर स्वॅपसाठी वेगळी कॉलबॅकच (कर्नलने ड्रायव्हरला थेट कळवायची सोय) आहे, स्वॅपची जागा सुटली की त्याच क्षणी मेमरी मोकळी, डिस्कार्डची वाट बघायची गरज नाही.

२०२४ मध्ये बीआरडीत डिस्कार्ड परत आलं आणि यावेळी ते पेजेस खरोखर सोडतं, त्या जागेवरून वाचलं तर पुन्हा लिहीपर्यंत शून्यं. मला हे मनापासून आवडलं, पण पुढच्याच वर्षी दुरुस्त्या कराव्या लागल्या.

पहिली गोची हद्दीची. पेज ४०९६ बाइटचं, सेक्टर (डिस्कवरच्या जागेचं सगळ्यात लहान एकक) ५१२ चा, त्यामुळे डिस्कार्डची रेंज आतल्या बाजूला पेजच्या हद्दीवर आणावी लागते, अर्धं पेज काही सोडता येत नाही. कोड फक्त सुरुवात पुढे सरकवत होता. समजा ५१२० या ऑफसेटपासून १०२४ बाइट डिस्कार्ड करायला सांगितले, सुरुवात सरकून ८१९२ वर गेली, म्हणजे ३०७२ बाइट पुढे, आणि १०२४ मधून ३०७२ वजा केले की अनसाइन्ड संख्येत ऋण आकडा मावत नाही, तो अवाढव्य होतो. वास्तविक काहीच सोडायचं नव्हतं, आणि ड्रायव्हर ८१९२ च्या पुढची पेजेस सोडत सुटणार, ज्यात दुसऱ्याचा डेटा आहे. उपाय म्हणजे शेवटसुद्धा खालच्या हद्दीवर आणायचा आणि मधे काही उरलं तरच पुढे जायचं.

दुसरी गोची त्या २००८ च्या गृहीतकाची. एक थ्रेड पेज शोधून त्यातून कॉपी करतोय आणि तेवढ्यात दुसऱ्याच्या डिस्कार्डने तेच पेज फ्री केलं, तर पहिला आता भलत्याच्याच मेमरीत वाचतोय किंवा लिहितोय. शून्यं भरण्याच्या काळात हा धोकाच नव्हता, कारण पेज जागेवरच राहायचं. २०२५ मध्ये वाचणं-लिहिणं आरसीयूच्या (वाचणारे असेपर्यंत जुनी मेमरी टिकवून ठेवायची कर्नलची पद्धत) संरक्षणाखाली आणलं आणि पेज लगेच फ्री न करता आधीचे सगळे वाचणारे बाहेर पडल्यावर फ्री व्हायला लागलं.

डेडलॉकचा मुद्दा यातल्या कशानेच सुटलेला नाही, सोडलेलं पेज परत मागताना मेमरी नसेल तर राइट फेल होऊ शकतो. आणि कर्नल नवा असला तरी फाइलसिस्टिम डिस्कार्ड ऑप्शनने माउंट केलेली नसेल किंवा अधूनमधून एफएसट्रिम चालवत नसाल, तर फाइल उडवल्यावर मेमरी आजही जागची हलत नाही.