कोमट पाण्यातून वीज: फ्लो बॅटरी इथे कशी आली

उष्णता 60 अंश सेल्सिअसच्या टाकाऊ पाण्यातली आणि थंडावा 10 अंशांचा, एवढेच हाताशी असेल तर तिच्यापैकी 15 टक्क्यांहून जास्त भागाची वीज कोणत्याच यंत्राने होत नाही. फ्रेंच अभियंता कार्नो याच्या 1824 सालच्या विवेचनातून निघणाऱ्या या मर्यादेला पळवाट नाही. प्रश्न असतो तो पंधरातले हाती किती लागतात, याचा.

विद्युतघटाचा व्होल्टेज तापमानासोबत बदलतो. फेरोसायनाइड-फेरिसायनाइड या लोहाच्या संयुगांच्या जोडीचा व्होल्टेज तापमान वाढताना दर अंशाला सुमारे 1.4 मिलिव्होल्टने उतरतो. म्हणजे व्होल्टेज कमी असेल त्या तापमानाला घट चार्ज करायचा, जास्त असेल तिथे रिकामा करायचा. मधला फरक उष्णतेने भरून निघतो.

2014 मध्ये एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॉपर हेक्झासायनोफेरेट या घन संयुगाच्या इलेक्ट्रोडवर 10 ते 60 अंशांत 5.7 टक्के कार्यक्षमता दाखवली. मात्र इलेक्ट्रोड घन असल्याने दर फेरीला अख्खा घट तापवा, मग निववा. वीजही हप्त्याहप्त्याने.

फ्लो बॅटरी, म्हणजे रसायने द्रवात विरघळवून तो द्रव घटातून फिरवणारी बॅटरी, तोवर जुनी झाली होती: नासाची लोह-क्रोमियम 1970च्या दशकातली, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची व्हॅनेडियमची 1980च्या दशकातली. दोन्ही वीज साठवण्यासाठी. उष्णतेचा विचार कोणी केलाच तर डोकेदुखी म्हणून. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एक घट गरम, एक थंड ठेवून ते उलटे जोडले, म्हणजे एकाचा व्होल्टेज दुसऱ्यातून वजा होईल असे, आणि द्रव दोघांत फिरता ठेवला. व्हॅनेडियम आणि फेरोसायनाइड यांच्या जोडीत चार्जिंग गरम बाजूला होते, डिस्चार्ज थंड बाजूला. वीज अखंड मिळते, आणि परतणारा गरम द्रव येणाऱ्या थंड द्रवाला हीट एक्स्चेंजरमध्ये तापवू शकतो.

हा हीट एक्स्चेंजरच सगळ्याचा कणा. 0.2 मोलरचे (लिटरला 0.2 मोल रसायन असलेले) दोन द्रव, प्रत्येकी एक लिटर घ्या. व्हॅनेडियम आणि फेरोसायनाइड या दोन्ही बाजूंचा मिळून बदल दर अंशाला 3 मिलिव्होल्ट धरला तर 50 अंशांत 0.15 व्होल्ट, म्हणजे साधारण 2.9 किलोज्यूल वीज. नुसते ते दोन लिटर तापवायलाच सुमारे 418 किलोज्यूल जातात. अभिक्रिया स्वतः शोषते फक्त 19. एक्स्चेंजर नसेल तर कार्यक्षमता 0.7 टक्के, त्याने 90 टक्के उष्णता परत दिली तर 4.7. तेही पंप आणि अंतर्गत रोध शून्य धरून.

प्रत्यक्षात ते शून्य नसतात. 0.15 व्होल्ट हा दोन घटांमधला फरक असल्याने रोधाची झळ त्याला दोन्हीकडून बसते. प्रवाह वाढवला की फरकच गिळला जातो, कमी ठेवला तर दोन द्रव वेगळे ठेवणारा महाग मेम्ब्रेन (पडदा) नुसता पडून राहतो. विद्राव्यता वाढवल्यास तेवढ्याच द्रवात जास्त वीज वाहून नेता येते, म्हणून नव्या जोड्या शोधताना दर अंशाला व्होल्टेज किती बदलतो या गुणांकाइतकेच तिच्याकडे पाहावे लागते. व्हॅनेडियमला आम्ल हवे, तर तीव्र आम्लात तापवलेले फेरोसायनाइड विषारी हायड्रोजन सायनाइड सोडते. त्यामुळे मेम्ब्रेनमधून होणारी गळती इथे केवळ नुकसानीची बाब राहत नाही. शिवाय चार्ज झालेले दोन-संयुजी व्हॅनेडियम हवेतल्या ऑक्सिजनने वाया जाते, तेव्हा त्याच्या टाकीवर नायट्रोजन धरावाच लागतो.