कर्टिस मेफिल्ड आडवा पडून का गायचा?

गाणं शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मिळणारी सूचना म्हणजे पाठ ताठ ठेव. पोक काढून बसलं की दमसास अपुरा पडतो, हे आपल्याकडे कुठल्याही क्लासात ऐकायला मिळतं. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला १९९६ सालच्या 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' या अल्बमचं रेकॉर्डिंग विचित्र वाटेल. त्यातला गायक उताणा पडून गात होता, आणि तेही बहुतेक वेळा एका वेळी एकच ओळ. ती गायली की थांबायचं, दम घ्यायचा, मग पुढची. नंतर स्टुडिओत या सुट्या ओळी जोडल्या गेल्या.

हा गायक कर्टिस मेफिल्ड. १९४२ साली शिकागोत जन्मलेला, अमेरिकेतल्या सोल संगीताचा एक खांब. चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांच्या संगमातून आलेलं हे गाणं मेफिल्ड नाजूक, उंच फॉल्सेटो आवाजात गायचा. साठच्या दशकात 'द इम्प्रेशन्स' या त्याच्या गटाची गाणी नागरी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांच्या तोंडी होती. गिटार तो आपली आपणच शिकला होता, आणि तिच्या तारा त्याने पियानोच्या काळ्या पट्ट्यांना जुळवून लावल्या होत्या. त्यामुळे त्याच्या गिटारवर दुसऱ्याचा हात सहजासहजी बसत नसे.

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात, विंगेट फील्ड या मैदानावर त्याचा उघड्यावरचा कार्यक्रम होता. तो मंचावर येतो न येतो तोच सोसाट्याचा वारा सुटला आणि दिव्यांचा सांगाडा त्याच्यावर कोसळला. मानेतले मणके मोडले, मानेखालचं शरीर लुळं पडलं. गिटार त्या दिवशी सुटली ती कायमची.

गळ्याला मात्र काही झालं नव्हतं. मग गाणं इतकं अवघड का व्हावं?

पेटीकडे बघा. सूर उमटतात ते पट्ट्यांमागच्या पितळी रीड्समधून, पण डाव्या हाताने भाता मारला नाही तर त्या रीड्स कितीही उत्तम असोत, पेटी मुकीच राहते. मानेत मार बसलेल्या गायकाच्या रीड्स शाबूत असतात, हात पडलेला असतो तो भात्यावरचा.

रीड्स का वाचतात, हे शरीररचनेतलं एक छान कोडं आहे. स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी व्हेगस नावाची नस मणक्यांमधून जातच नाही. ती मेंदूच्या तळातून निघते आणि गळ्याच्या पुढच्या बाजूने खाली येते. तिचा डावा फाटा तर थेट छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रापाशी पोचतो. एवढी लांबची वाट, पण मज्जारज्जूशी तिचा संबंध नाही. जीभ, ओठ, टाळू, चेहरा यांच्या नसाही अशाच मेंदूतून थेट निघणाऱ्या. म्हणून मानेचा कणा चिरडला तरी स्वर लावणं, अक्षर फोडणं, मुरकी घेणं या सगळ्यांच्या तारा जोडलेल्याच राहतात.

भात्याची गोष्ट वेगळी. श्वास आत घेणारा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघते. काम छातीखाली आणि नस निघते मानेतून, हा गर्भावस्थेतला वारसा: श्वासपटल सुरुवातीला मानेजवळ घडतं आणि मग नस सोबत ओढत खाली सरकतं. मज्जारज्जू या पातळीच्या वर तुटला तर माणूस यंत्राशिवाय श्वास घेऊ शकत नाही. खाली तुटला तर श्वासपटल वाचतं, पण फासळ्यांमधले स्नायू आणि पोटाचे स्नायू जातात, कारण त्यांच्या नसा त्याहून खाली, छातीच्या पातळीवरून निघतात. श्वास आत येतो तो निम्म्या ताकदीने, आणि तो जोर लावून बाहेर ढकलणारं जवळजवळ कोणी उरत नाही.

गाणं म्हणजे तर उच्छ्वासाचाच कारभार. साधं बोलायला स्वरतंतूंच्या खाली साधारण ५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरतो, चढ्या आवाजात गाताना तो याच्या कित्येक पट लागतो. छाती पूर्ण भरली की फुप्फुसं आणि फासळ्या आपोआप आत यायला बघतात, त्यामुळे सुरुवातीला दाब फुकट मिळतो, उलट जरा जास्तच. धडधाकट गायक तिथे फासळ्यांच्या स्नायूंनी ब्रेक लावून ठेवतो. हवा कमी होत गेली की हा फुकटचा दाब उतरतो आणि शून्यावर येतो. त्यापुढची ओळ गायची तर पोटाचे स्नायू आवळावे लागतात. तान संपता संपता गायकाचं पोट आत जाताना दिसतं ते याचमुळे. लुळ्या पडलेल्या गायकाकडे सुरुवातीचा ब्रेक कच्चा असतो आणि शेवटचा जोर नसतोच. मधला थोडा पल्ला तेवढा हाती राहतो. मेफिल्डची एकेक ओळ याच पल्ल्यात बसवलेली होती.

आता आडवं पडण्याबद्दल. गुरुत्वाकर्षणाने छातीवर दाब यावा म्हणून तो पाठीवर पडून गायचा, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खरं काम होतं पोटातल्या आतड्यांचं आणि यकृताचं. लुळ्या पोटाचा माणूस बसला की पोटाची सैल भिंत पुढे येते, आतले अवयव खाली ओघळतात आणि त्यांच्यामागोमाग श्वासपटलही खाली येऊन सपाट होतं. श्वास घेताना त्याला खालीच जायचं असतं, आणि ते आधीच खाली पोचलेलं असतं. उताणं झोपलं की तेच अवयव आपल्या वजनाने श्वासपटलाला छातीकडे ढकलतात. घुमट पुन्हा उभा राहतो, स्नायूचे धागे ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. श्वास सोडतानाही हे वजन श्वासपटलाला वर रेटतं, म्हणजे पोटाच्या स्नायूंनी जे करायचं त्यातला काही भाग वजनच करतं. तुमच्या-माझ्या छातीची क्षमता, म्हणजे एका दमात जास्तीत जास्त किती हवा आत-बाहेर करता येते ती, झोपल्यावर किंचित घटते, पण मानेखाली लुळ्या पडलेल्यांची बसण्यापेक्षा झोपल्यावर वाढते. हे मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वांत गमतीदार गोष्ट वाटते.

मेफिल्डची अडचण आणखी एका कारणाने वाढली असणार. फॉल्सेटोत स्वरतंतूंच्या फक्त पातळ कडा थरथरतात आणि मधली फट पूर्ण मिटत नाही. त्यातून हवा गळत राहते. दाब कमी लागतो, पण हवा भराभर संपते. ज्याच्याकडे हवेचाच तुटवडा, त्याच्या वाट्याला हा आवाज यावा!

याउलट टेडी पेंडरग्रास. फिलाडेल्फियाचा, भरदार बॅरिटोन आवाजाचा. 'हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स' या गटात तो आधी ड्रम वाजवायचा, मग मुख्य गायक झाला आणि १९७७ पासून स्वतंत्रपणे गाऊ लागला. १८ मार्च १९८२ च्या रात्री फिलाडेल्फियातच त्याची रोल्स-रॉइस रस्ता सोडून झाडावर आदळली. वय बत्तीसही पुरं नव्हतं. मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा झाली. श्वासपटलाच्या नसा यापेक्षा वरून निघतात, म्हणून श्वास त्याचा स्वतःचा राहिला. खांदे आणि कोपर वाकवण्याइतकी ताकदही या पातळीवर उरते.

अशा इजेनंतर पहिल्या दिवसांत छातीची क्षमता अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांशावर येते. मग काही महिन्यांत ती बरीच सुधारते, अनेकदा दुपटीच्या आसपास जाते, आणि तेही तुटलेल्या नसा न जुळता. सुरुवातीला फासळ्यांमधले स्नायू इतके ढिले असतात की श्वासपटल खाली गेलं की छातीचा वरचा भाग फुगण्याऐवजी आत खेचला जातो. कमावलेली हवा अशी वाया जाते. कालांतराने लुळे स्नायू आखडतात. हे आखडणं रुग्णाला एरवी छळतं, पण छातीच्या पिंजऱ्याला त्यामुळे ताठरपणा येतो आणि तो आत ओढला जाणं थांबतं. सोबत श्वासपटलही सरावाने मजबूत होतं.

दुसरी वाट १९८६ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवली. असे रुग्ण श्वास जोराने सोडूच शकत नाहीत, असं तोवर मानलं जायचं. या संशोधकांना दिसलं की छातीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडाजवळचा भाग मदतीला येतो. त्याच्या नसा मानेतल्या पाचव्या-सहाव्या पातळीवरून निघत असल्याने तो बऱ्याच जणांत शाबूत असतो. दंड हलवायचा हा स्नायू, पण हात स्थिर असेल तर तो छातीचा वरचा भाग दाबून हवा बाहेर काढतो. व्यायामाने तो वाढवताही येतो. खुर्चीत बसून गाणाऱ्यांना आणखी एक साधा उपाय उपयोगी पडतो: पोटाला रुंद, आवळ पट्टा बांधायचा. ओघळलेलं पोट आत राहतं, श्वासपटल वर सरकतं आणि बसल्याबसल्या झोपल्याचा थोडा फायदा मिळतो.

अपघातानंतर गायलेला पेंडरग्रासचा पहिला अल्बम १९८४ साली आला. त्यातल्या एका द्वंद्वगीतात त्याच्यासोबत व्हिटनी ह्यूस्टन होती, जिचा स्वतःचा पहिला अल्बम अजून यायचा होता. १३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड' या दुष्काळग्रस्तांसाठीच्या मोठ्या मदत-कार्यक्रमाच्या मंचावर तो चाकाच्या खुर्चीतून आला आणि ॲशफर्ड-सिम्प्सन या जोडीसोबत गायला. अपघातानंतरचा हा त्याचा पहिला मोठा जाहीर कार्यक्रम. भर जुलैत उघड्या मैदानात हे करणं म्हणजे केवळ धीराचं काम नव्हतं. इतक्या वरच्या इजेत शरीराच्या खालच्या भागाला घाम येत नाही, रक्तवाहिन्या हुकमाने आकसत नाहीत, बसल्यावर रक्त पायांकडे उतरून घेरी येऊ शकते. ऊन आणि उत्तेजना दोन्ही अशा शरीराला महागात पडतात.

१९८८ च्या त्याच्या 'जॉय' या अल्बममधलं त्याच नावाचं गाणं अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. जुन्या आणि नव्या रेकॉर्ड्स एकापाठोपाठ ऐकल्या तर पूर्वीची गर्जना कमी झालेली कळते. पण सोल संगीताची घडण इथे कामी येते. माइक ओठांशी असतो, त्यामुळे आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत फेकावा लागत नाही. ओळी आखूड, मधल्या जागा साथीचे गायक भरतात, आणि एखाद्या शब्दावर नुसता श्वास सोडणं हाही इथे अलंकार मानला जातो. ऑपेराच्या गायकाला ही सवलत मिळाली नसती. विलंबित ख्यालात आवर्तन भरणाऱ्यालाही नाही.

मनाची बाजू मात्र स्नायूंइतकी सरळ नव्हती. जगायची इच्छा उरली नव्हती, असं पेंडरग्रासने पुढे मोकळेपणाने सांगितलं. अपघातानेच चाकाच्या खुर्चीत आलेला एक मानसोपचारतज्ज्ञ त्याला भेटला आणि त्याने जवळच्या माणसांना जमवून त्याचा खोटा अंत्यविधी करवला. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण आपण गेल्यावर या लोकांचं काय होईल, हे त्याला समोर दिसलं. १९९८ मध्ये त्याने मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी संस्था काढली. २००६ पर्यंत तो गात राहिला.

ज्या स्नायूंनी तान पुरी होते त्याच स्नायूंनी खोकलाही होतो, आणि आयुष्याचा प्रश्न खरा तिथे येतो. जोराने खोकता येत नाही तेव्हा कफ साचतो, साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. अशा रुग्णांच्या मृत्यूंमध्ये श्वसनाचे आजार म्हणूनच फार वर असतात. पेंडरग्रास जानेवारी २०१० मध्ये गेला. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर श्वसन निकामी झालं होतं. मेफिल्ड त्याआधीच, २६ डिसेंबर १९९९ ला गेला होता. मधुमेहामुळे १९९८ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. १९९६ चा अल्बम हे त्याचं शेवटचं मोठं काम ठरलं.

या दोघांनी केलं ते उपचार म्हणून इतरांना देता येईल का, हे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तपासून पाहिलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मानेखाली लुळे पडलेले २४ जण होते. काही जण १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकत्र गात होते. उरलेल्यांनी तेवढाच वेळ संगीत ऐकणं आणि शरीर सैल सोडणं यात घालवला. गाणाऱ्यांचा आवाज लांबवर पोचू लागला आणि एका दमात स्वर जास्त वेळ टिकू लागला. फुप्फुसांच्या चाचण्यांच्या आकड्यांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे हवा साधारण तेवढीच होती, ती वापरण्याची रीत बदलली असावी. मनःस्थिती दोन्ही गटांची सुधारली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती टिकून होती नुसतं ऐकणाऱ्यांची.