टाइपरायटर ते व्हॉइस टायपिंग: लिहिताना अडणाऱ्या मुलांच्या हाती संगणक कसा आला

संगणकाच्या आधी टाइपरायटर होता. अमेरिकेत बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन यांनी प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या हाती टाइपरायटर देऊन त्याचा अभ्यासावर काय परिणाम होतो हे तपासलं आणि १९३२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळांनी पुढे ते यंत्र वर्गात काही कायमचं ठेवलं नाही. शिवाय ती पाहणी सरसकट मुलांची होती. बोलायला चुणचुणीत, पण वहीत चार ओळी उतरवताना रडकुंडीला येणारं मूल म्हणजे आळशी, अशीच तेव्हा समजूत. त्या मुलासाठी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा सॅम्युअल कर्क यांनी १९६३ साली शिकागोत पालकांच्या परिषदेत वापरली आणि ती रुळली. १९७५ च्या कायद्याने अशा मुलांना शिकवणं ही अमेरिकेतल्या सरकारी शाळांची जबाबदारी झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी ॲपल टू हा घरगुती संगणक बाजारात आला.

मुलांसाठी म्हणून बनवलेला ‘बँक स्ट्रीट रायटर’ हा वर्ड प्रोसेसर १९८२ चा. त्यात लिहिणं आणि दुरुस्ती अशा दोन वेगळ्या अवस्था होत्या. मागच्या ओळीतलं एक अक्षर बदलायचं तर लिहिणं थांबवायचं, दुसऱ्या अवस्थेत जायचं, तिथे कर्सर हलवायचा, दुरुस्त करायचं आणि परत यायचं. एवढ्या फेऱ्यात पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं, आणि या मुलांची नेमकी अडचण तीच असते: एका वेळी दोन गोष्टी ध्यानात धरणं.

त्याच सुमारास लेखन शिकवण्याची दृष्टीही बदलत होती. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी १९८१ मध्ये लेखनाची मांडणी तीन कामांत केली: योजना करणं, शब्दांत उतरवणं आणि परत तपासणं. ही कामं एकामागून एक होत नाहीत, ती एकमेकांत घुसतात. म्हणून वर्गात कच्चा मसुदा, दुसरा मसुदा अशी पद्धत आली. पण ज्याचं अक्षर लागत नाही, त्याला ‘परत लिहून काढ’ म्हणणं म्हणजे शिक्षाच. संगणकाने परत उतरवण्याचं हे काम काढून घेतलं, आणि आता मुलं आपसूक सुधारून लिहितील अशी आशा निर्माण झाली.

तसं झालं नाही. चार्ल्स मॅकआर्थर आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी १९८७ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांकडून तीन प्रकारे गोष्टी लिहून घेतल्या: हाताने, वर्ड प्रोसेसरवर आणि तोंडी सांगून. तोंडी सांगितलेल्या गोष्टी लांब आणि सरस निघाल्या. हाताने लिहिलेल्या आणि टाइप केलेल्या गोष्टींत मात्र फारसा फरक नव्हता. एकट्या वर्ड प्रोसेसरवर सोडलेली मुलं दुरुस्त्या करत, पण स्पेलिंगच्या आणि विरामचिन्हांच्या. मजकुराला हात लावत नसत. काय तपासायचं हे पायरीपायरीने शिकवलं की फरक पडे. वीस वर्षांनी ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा वर्ड प्रोसेसरचा परिणाम ०.५५ भरला आणि लेखनाची रीत स्पष्टपणे शिकवण्याचा ०.८२ (शून्य म्हणजे काहीच फरक नाही; आकडा मोठा तितका परिणाम मोठा). हे आकडे सगळ्या प्रकारच्या मुलांचे आहेत, तरी शाळेने आधी खर्च कशावर करावा याचं उत्तर त्यांत आहे.

स्पेलचेकरची कथा याहून बोलकी. १९९६ च्या एका अभ्यासात अशा मुलांनी स्वतःच्या नजरेने ९ टक्के चुका दुरुस्त केल्या, स्पेलचेकर लावल्यावर ३७ टक्के. चौपट, तरीही निम्म्याहून कमी. कारण चुकीचा शब्द पुष्कळदा दुसरा बरोबर शब्द असतो आणि यंत्र गप्प बसतं. मराठीत तर हे पदोपदी. काना राहिला की ‘माळ’चा ‘मळ’, ‘वार’चा ‘वर’, ‘घार’चं ‘घर’. वेलांटी चुकली की ‘शीर’चं ‘शिर’. एकाही शब्दाखाली लाल रेघ येत नाही. उलट ‘घरासमोरच्या’ हे यादीत नाही म्हणून बरोबर शब्दाखाली रेघ येते, आणि मूल तो पुसून टाकतं. यावर उतारा म्हणजे लिहिलेलं यंत्राकडून वाचून घेणं. ‘मळ’ कानावर पडला की डोळ्यांनी न पकडलेली चूक कळते. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र याचा उपयोग नाही, कारण बोलताना आपणही तो फरक कुठे पाळतो?

१९९० च्या दशकात शब्द सुचवणारे प्रोग्रॅम आले: दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली शब्दांची यादी. शब्द ओळखू न येण्याइतकं स्पेलिंग चुकणाऱ्या मुलाला याचा मोठा आधार झाला, पण वेग वाढला नाही. दर शब्दाला नजर यादीकडे जाते, वाचते, परत येते. पहिलं अक्षरच चुकलं तर हवा तो शब्द यादीत येतच नाही. व्हॉइस टायपिंग, म्हणजे बोललेलं यंत्राने टिपणं, हेही सुरुवातीला असंच संथ. १९९० च्या ड्रॅगनडिक्टेट या प्रोग्रॅममध्ये बोलणाऱ्याला प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. सलग बोललेलं टिपणारा ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग १९९७ चा.

आपल्याकडे वाट निराळी होती. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना दहावीला अधिकृत सवलती मिळू लागल्या, देशात सर्वांत आधी. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही मुंबईतली संस्थाही त्याच वर्षीची. सवलतींचा भर ज्यादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा यांवर राहिला. लेखनिकामुळे पेपर सुटतो, पण मुलाला स्वतः लिहायचं कोणतं साधन हाती येत नाही. दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. ती २०१६ च्या कायद्यात आली आणि कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पुढच्या वर्षी सीबीएसईने परीक्षेत उत्तरं टाइप करायला संगणकाची मुभा दिली. अट अशी की त्यात इंटरनेट नसावं आणि शाळेच्या संगणक शिक्षकाने तो तपासावा.

मराठीपुरता खरा अडसर लिपीचा होता. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९८८ पासून देवनागरी संगणकावर रुजवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट या कळपाटाला (कीबोर्डच्या मांडणीला) स्थान मिळालं. तरी कार्यालयांत आणि छपाईत वेगवेगळ्या फॉन्टांचं राज्य होतं. एका फॉन्टमधला निबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं. विंडोज २००० पासून युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत, आलं, तेव्हा कुठे मुलाने शाळेत लिहिलेलं घरी उघडेल अशी सोय झाली.

‘सूर्य’ हा शब्द घ्या. हाताने लिहिताना स, त्याला दीर्घ उकार, मग य, आणि शेवटी हात मागे नेऊन डोक्यावर रफार. इनस्क्रिप्टवर स, ू, र, पाय मोडण्याची कळ, य. म्हणजे उच्चाराचा क्रम तोच कळांचा. रफार हा ‘र’ आहे हे ज्या मुलाला वर्षभर कळलेलं नसतं त्याला ते इथे बोटांनी कळतं. पहिल्या वेलांटीचंही तसंच: ‘कि’ लिहिताना हाताने ती क च्या आधी येते, युनिकोडमध्ये क नंतर. आधी वेलांटी दाबली तर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळपाटात मात्र वेलांटी आधीच दाबावी लागते, म्हणून मुलाला दोन पद्धती एकदम शिकवू नयेत. ‘स्त्री’ला सहा कळा लागतात, आणि बॅकस्पेस एकदा दाबली की बहुतेक ठिकाणी फक्त दुसरी वेलांटी जाते, डिलीटने सबंध अक्षर. हे आधी सांगितलं नाही तर मूल बॅकस्पेस धरून ठेवतं आणि अख्खी ओळ गमावतं.

इनस्क्रिप्ट शिकवायला सोपा आहे, कारण त्यात व्यवस्था आहे: डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, क च्याच कळेवर शिफ्ट धरून ख, त च्या कळेवर थ, ल च्या कळेवर ळ. काना-मात्रा शिफ्टशिवाय, सुटे स्वर शिफ्टसह. रोज दहा-पंधरा मिनिटं, आठवड्याला पाच-सहा कळा, एवढंच. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणं मोठ्यांना सोयीचं वाटतं; पण ज्याला मराठी ध्वनी आणि अक्षराची जोडी जमत नाही, त्याला मध्ये इंग्रजीची आणखी एक जोडी लावायला सांगणं हे उफराटं आहे.

टायपिंगवर निबंध कधी द्यायचा, हे मोजून ठरवावं. पाठ्यपुस्तकातला उतारा पाच मिनिटं हाताने उतरवून घ्या, दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ टाइप करून घ्या, अक्षरं मोजा. टायपिंग हाताच्या वेगाला गाठत नाही तोवर निबंध तोंडी सांगू द्यावा. नाहीतर कळ शोधण्यात विचार विरतो आणि निबंध हातच्यापेक्षाही तोकडा होतो.

तोंडी सांगण्यासाठी मराठी व्हॉइस टायपिंग गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये दिलं. मोबाइलवर चालतं म्हणून ते घराघरांत आहे. विरामचिन्हं बहुधा येत नाहीत आणि दोन पानांचं एक वाक्य तयार होतं. म्हणून आधी कागदावर चार-पाच शब्दांचे मुद्दे, मग एका मुद्द्याचं एकच वाक्य बोलणं, थांबणं, पूर्णविराम हाताने देणं, ऐकणं, आणि मग पुढचा मुद्दा. परीक्षेच्या हॉलमध्ये इंटरनेट नसतं, तिथे बहुधा याचा उपयोग नाही, तिथे कळपाटच. केंद्राच्या २०१३ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं ज्यादा वेळ आणि संगणक आदल्या दिवशी तपासून पाहण्याची मुभा, दोन्ही होत्या; २०१८ च्या सुधारित सूचनांतही त्या राहिल्या. जिथे ही दुसरी मुभा मिळते तिथे ती सोडू नये: त्या संगणकावर मराठी बसवलेली आहे का, आणि बसवलेली असली तर इनस्क्रिप्ट आहे की रेमिंग्टन, हे पेपर हातात पडल्यावर कळून उपयोग नसतो.