दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

मुंबईत गाणी ऐकायची खोली म्हणजे बहुतेकदा फ्लॅटमधली दहा बाय बाराची बेडरूम. तिच्यासाठी छोटे स्पीकर निवडताना पहिला प्रश्न असतो, बेस किती खाली जातो? माझ्या मते एवढ्या खोलीत हा प्रश्न दुय्यम आहे. खालचे सूर स्पीकर एकटा वाजवत नाही, खोलीही वाजवते.

ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी असते, ती लहर त्या भिंतींमध्ये ठाण मांडते. तीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. त्या हिशेबाने बारा फुटांना ४८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ कंपनं, आणि दहा फुटांना ५७ हर्ट्झ येतात. या सुरांचा दाब भिंतीलगत सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी असतो. आपला सोफा नेमका भिंतीला टेकलेला! त्यामुळे तिथे बेस घुमतो आणि चार पावलं पुढे आलं की पातळ होतो.

अनेक छोट्या स्पीकरच्या पेटीला हवेसाठी भोक, म्हणजे पोर्ट असतो आणि तो साधारण याच पट्ट्यात जोर देतो. खोलीचा घुमारा अधिक पोर्टचा जोर, असा दुहेरी मारा होतो. खाली जाताना बंद पेटीचा बेस दर सप्तकामागे १२ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) हळूहळू उतरतो, पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. भिंतीजवळ ठेवायचे असतील तर मी बंद पेटीच निवडेन, नाहीतर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालता येईल असा स्पीकर. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा असाच बंद पेटीचा, जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा. आजही लोक तो आवडीने ऐकतात, ते गाण्याच्या आवाजासाठी.

आणि आपल्या गाण्याला किती खाली जायचं असतं? काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, तारा सुमारे १३९ हर्ट्झला, तर खर्जाची तार ६९ ला. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज ११७ च्या आसपास. शिवाय मूळ सूर क्षीण असला तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे त्याच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांवरून, आपला मेंदू तो खर्ज ओळखतो. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारात, ते स्वरांश ओतप्रोत असतात. म्हणून पैसे मधल्या पट्ट्याच्या स्वच्छपणावर खर्चावेत.

लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला चांगलाच वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. मग जागेवरून बाजूला सरका. समोरून आणि कडेने गायकाचा आवाज एकाच जातीचा वाटला पाहिजे, कारण घरी टाइल्स आणि उघड्या भिंतींवरून तो कडेचा आवाजच परतून कानावर येणार आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात केलेल्या चाचण्यांत, कोणता स्पीकर वाजतोय हे न सांगता ऐकवल्यावर, श्रोत्यांनी हाच गुण उचलून धरला होता.

राहिली मुंबईची दमट हवा. वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या भागाच्या, शंकूभोवतीची कडी फोमची असेल तर ती ओलाव्याने काही वर्षांत ठिसूळ होऊन गळते, रबराची टिकते. वापरलेली जोडी घेताना जाळी काढून ही कडी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.