अमेरिकेचं नागरिकत्व आणि भारतीय पासपोर्ट: अर्ज नेमके कुठे अडकतात

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांचे नागरिकत्वाचे आणि ओसीआयचे (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) अर्ज मी शेजारी बसून भरून दिले. परत आलेले अर्जही पाहिले. कारणं तीच तीच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी अधिकारी ग्रीन कार्ड काढून घेतात, भारतीय पासपोर्टला मात्र हातही लावत नाहीत. त्यामुळे लोकांना वाटतं की दोन्ही ठेवता येतात. येत नाहीत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, सही नाही. शपथ घेतली त्या क्षणी ते संपलेलं असतं. भारतीय पासपोर्ट जमा केल्यावर मिळणारं सरेंडर सर्टिफिकेट ही फक्त त्याची नोंद. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

पात्रता थोडक्यात: वय १८ पूर्ण, ग्रीन कार्डावर पाच वर्षं (अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन एकत्र राहत असाल तर तीन), त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत, आणि जिथून अर्ज करता त्या राज्यात तीन महिने वास्तव्य. नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म एन-४००, ऑनलाइन भरता येतो. मुदत पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी भरायची मुभा आहे. मोजणी कार्डावरच्या ‘रेसिडेंट सिन्स’ तारखेवरून करायची आणि ‘तीन महिने’ असं ढोबळ न धरता खरोखर दिवस मोजायचे. घाईने दोन दिवस आधी भरलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि फी परत मिळत नाही.

आता आई-बाबांचं. मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आई-बाबा दिवाळीला गावी जातात, थंडी तिकडेच काढतात, लग्नकार्यं उरकून जूनमध्ये परततात. झाले आठ महिने! सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की तुमचं इथलं वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, आणि ते तुटलं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. वर्ष ओलांडलं तर वास्तव्य तुटतंच. यावर लोक हमखास म्हणतात, ‘आमच्याकडे रीएन्ट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना) होतं.’ परमिटमुळे ग्रीन कार्ड टिकायला मदत होते. नागरिकत्वासाठीची सलगता त्याने टिकत नाही.

ओळखीतल्या एका काकांचं असंच झालं. पुण्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोघं सात महिने अडकले. काका नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेले तेव्हा फाइलमध्ये फक्त परमिट. अधिकाऱ्याने आणखी पुरावे मागवले. मग काकूंचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड पुण्याच्या कपाटातून शोधून काढलं, त्या काळातला टॅक्स रिटर्न, मुलासोबत राहत असल्याची कागदपत्रं, बँकेची स्टेटमेंटं असं सगळं जमवून पाठवलं. अर्ज मंजूर झाला, पण चार महिने काकांची झोप उडाली होती. सहा महिन्यांच्या वर एकही वारी झाली असेल तर ही फाइल मुलाखतीच्या आधी तयार ठेवा.

जन्मतारखेचा घोळ आपल्या मागच्या पिढीत घरोघरी आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लावून टाकली, खरी तारीख श्रावणातली. पासपोर्टवर १ जून, ग्रीन कार्डावर १ जून. अमेरिकन कागदावर तरी खरी तारीख यावी असं कुणाला वाटलं तर ते मी समजू शकते. पण हाताशी ठोस पुरावा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एकदा शपथेवर सांगितलेली तारीख नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर (अमेरिकन नागरिकत्वाच्या दाखल्यावर) नंतर बदलून मिळणं जवळजवळ अशक्य असतं, आणि पुढे भारतीय कागदांशी ती जुळत नाही ते वेगळंच.

नावाचंही तसंच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये चिकटलेलं असतं. नागरिकत्वासोबत नाव बदलून मिळतं म्हणून कितीजणी मधलं नाव गाळतात किंवा माहेरचं आडनाव परत घेतात. जरूर घ्या, हक्क आहे तुमचा. फक्त नाव बदलल्याचा कागद जपून ठेवा. तो नसेल तर ओसीआयच्या वेळी जुन्या पासपोर्टवरची बाई आणि नव्या पासपोर्टवरची बाई एकच आहे हे पटवत बसावं लागतं.

मुलाखतीत अमेरिकेचा इतिहास आणि कारभार यावर जी परीक्षा होते, तिचा बाऊ करू नका. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांची यादी, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झाली असतील तर २० प्रश्नांची छोटी यादी मिळते आणि मराठीतून उत्तरं देता येतात. दुभाषा आपला आपण न्यायचा.

शपथ झाल्यावर सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग आणि तारीख तिथेच, खुर्चीतून उठण्याआधी तपासा. मग त्याची रंगीत प्रत काढा, कारण अमेरिकन पासपोर्टच्या अर्जाला मूळ सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि ते बरेच दिवस हातात नसतं.

या मधल्या दिवसांतच घात होतो. भारतातून फोन येतो, बाबांना आयसीयूत हलवलंय. हातात चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट दिसतो आणि माणूस त्यावर विमानात बसतो. तो पासपोर्ट आता तुमचा नाही. शपथेनंतर तीन महिने उलटल्यावर त्यावर केलेल्या प्रवासाला दंड आहे, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त काळ तो नुसता बाळगला तरी दंड आहे. लोक हे ‘तीन महिने चालतो’ असं वाचतात. दंडाची ती सीमा आहे, प्रवासाची परवानगी नाही. घरी आजारी माणूस असेल तर शपथेच्या आठवड्यातच तातडीच्या अमेरिकन पासपोर्टची अपॉइंटमेंट घ्या आणि व्हिसाचं बघा.

सरेंडरची प्रक्रिया खरं तर सोपी आहे: ऑनलाइन फॉर्म, मूळ भारतीय पासपोर्ट, नॅचरलायझेशन सर्टिफिकेट आणि अमेरिकन पासपोर्टच्या प्रती. रद्द केल्याचा शिक्का मारून जुना पासपोर्ट सर्टिफिकेटसह परत येतो. तो फेकू नका. ज्यांचा जुना पासपोर्ट हरवलाय, त्यांचे खरे हाल. पासपोर्ट नंबर आणि तो दिल्याची तारीख-ठिकाण यासाठी जुने व्हिसाचे कागद धुंडाळावे लागतात, वर प्रतिज्ञापत्र. वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या वस्तूचा तपशील माणसाने कुठून आणावा, याचं उत्तर खिडकीपलीकडे कुणाकडे नसतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत आजच काढून ठेवा.

मुलांना विसरू नका. ग्रीन कार्डवरचं, तुमच्यासोबत राहणारं १८ वर्षांखालचं मूल तुमच्याबरोबर आपोआप अमेरिकन नागरिक होतं. त्याला वेगळं सर्टिफिकेट मिळत नाही (हवं असेल तर एन-६०० भरायचा), पण अमेरिकन पासपोर्ट निघतो आणि भारतीय पासपोर्ट सरेंडर करावाच लागतो. मुलाच्या ओसीआयला आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. आई-वडील वेगळे राहत असतील तर अर्ज इथेच रखडतो.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. मतदान नाही, सरकारी नोकरी सहसा नाही, आणि शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती मात्र ठेवता येते. त्यामुळे वडील असताना ‘सात-बाऱ्यावर तुझं नाव लावून टाकू’ असा विषय घरात निघाला, तर शपथेची तारीख ठरवण्याआधी गावाकडच्या वकिलाशी बोला. नंतर खरेदीखताने ते होत नाही. भारतीय नागरिकत्व परत हवं असेल, तर ओसीआयला पाच वर्षं झालेली लागतात आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात राहावं लागतं.