‘गुऱ्हाळ’ टाइप होतं का? कॉम्प्युटरवरच्या मराठीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणाच्या कॉम्प्युटरवर मराठी नीट बसली आहे का हे बघायचं असेल, तर मी एकच शब्द टाइप करायला लावतो : गुऱ्हाळ. शब्द घरचाच. उसाचा हंगाम सुरू झाला की पावत्यांवर, गावाकडच्या पाट्यांवर, व्हॉट्सॲपच्या निरोपांत तो सारखा येतो. आणि या एका शब्दात मराठीची दोन जुनी दुखणी आहेत : मधला ‘ऱ्ह’ आणि शेवटचा ‘ळ’. ‘ळ’ हल्ली बहुतेकांना सापडतो. ‘ऱ्ह’पाशी मात्र गाडी अडते, आणि मग ‘ह’च्या डोक्यावर रफार चढवून ‘गुर्हाळ’वर काम भागवलं जातं.

हा विषय पुन्हा निघायला निमित्त झालं विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे जुन्याच मशिनवर नवी विंडोज मारून भागेना, आणि अनेकांनी मशिनच बदललं. पहिल्या दिवशी वॉलपेपरला रंकाळा लागतो, दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘मराठी गेली.’ काय गेलं ते फोनवर कधीच कळत नाही. कुणाचा फॉन्ट गेलेला असतो, कुणाचा कीबोर्ड, तर कुणाची वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडत नसते. फॉन्ट, कीबोर्ड आणि फाइलमधला मजकूर या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्या निराळ्या वेळी, निराळ्या वाटांनी आपल्याकडे आल्या. ही वाट एकदा माहीत झाली, की सेटिंग कुठलं बदलायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

कीबोर्डची वाट सुरू होते टाइपरायटरपासून. मराठी टाइपरायटर दिसेल तसं टाइप करायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. अर्धं अक्षर मारायचं आणि दंड जोडून ते पुरं करायचं. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा देऊन कोर्टात, कचेरीत, साखर कारखान्यात लागलेल्या पिढीची बोटं याच रीतीनं घडली. सरकारनं मात्र १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा वेगळा आराखडा ठरवला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ‘क’च्या बटणावर शिफ्ट धरला की ‘ख’. तो दिसण्यावर चालत नाही, उच्चाराच्या क्रमानं चालतो. ‘कि’ लिहायचं तर आधी ‘क’, मग वेलांटी. माझ्या मते भारतीय भाषांसाठी इतकी डोकं लावून केलेली दुसरी कीबोर्डरचना नाही. पण टायपिंगवाल्यांना नवी रीत शिकायची नव्हती आणि नवशिक्यांना ती कुणी शिकवली नाही.

त्याच दशकात कानपूरच्या आयआयटीत देवनागरी कॉम्प्युटरवर आणायचं काम चाललं होतं. पुढे ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेकडे आलं आणि जिस्ट कार्ड म्हणून कॉम्प्युटरच्या आत बसू लागलं. अक्षरांना क्रमांक देणारा इस्की हा भारतीय संकेतही तेव्हाचाच, आधी १९८८ चा आणि मग १९९१ चा. पाया पक्का होता. पण छपाईच्या धंद्याला घाई होती, आणि धंद्यानं तिसरीच युक्ती काढली.

ती युक्ती म्हणजे सोंग. फॉन्टच्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांसाठी जी दोनशेच्या आसपास घरं होती, त्यांत इंग्रजीच्या जागी मराठीचे तुकडे बसवायचे : एका घरात अर्धा ‘क’, एकात काना, एकात रफार, एकात ‘ऱ्ह’साठी लागणारी र ची चंद्रकोर. पडद्यावर मराठी दिसायची, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच होतं. पुण्याची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, शिवाय कितीतरी सुटे फॉन्ट. प्रत्येकाची घरवाटणी निराळी. टाइपरायटरवाल्यांना ही रीत ओळखीची वाटली, कारण तुकडे जोडून अक्षर करायची त्यांना सवयच होती. पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअरं घेऊन गल्लोगल्ली डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणारे, सुरू झाले, खिळे जुळवणारे हात माऊसवर आले. लग्नपत्रिका, निकालपत्रकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं या सोंगावर उभं राहिलं. त्याला नावं ठेवायचा माझा हक्क नाही. माझं पोट त्याच्यावरच चाललं.

त्याची किंमत मला कळली ती २००३ च्या सुमारास. बिंदू चौकाजवळच्या खोलीत मी एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल लावला, फ्लॉपीवर घेतला आणि छापायला दिला. तिथल्या मशिनवर माझा फॉन्ट नव्हता. उघडल्यावर अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरं, चौकोन, कंस, टक्क्याची चिन्हं यांची नुसती भेळ. आम्ही फॉन्ट आणायला परत गेलो, तोवर तिथल्या पोरानं मदत म्हणून त्याच नावाचा पण दुसऱ्या आवृत्तीचा फॉन्ट टाकला होता. आता मराठी दिसत होती, फक्त सगळीकडे ‘ऱ्या’च्या जागी ‘ष्ट’ उमटत होता. ‘कर्जदाराच्या जबाबदाऱ्या’ या मथळ्याचं काय झालं ते सांगत नाही. सभा दोन दिवसांवर होती. रात्रभर बसून हातानं दुरुस्त केलं, कारण शोधून बदलायला तिथं मराठी अक्षर नव्हतंच.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी सामाईक यादी. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीला त्यात १२८ घरं मिळाली आणि मांडणी इस्कीवरून घेतली गेली. म्हणजे आपल्याकडचंच काम जगाच्या यादीत गेलं. विंडोजमध्ये ते आलं २००० साली. सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो रेखाटला होता मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी. पण विंडोज एक्सपीपर्यंत ही सोय झाकलेलीच होती. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक मारायची, थायी आणि उजवीकडून लिहिणाऱ्या लिप्यांसोबत आपल्यालाही तिथंच बसवलेलं, मग मशिन विंडोजची सीडी मागायचं. ज्याच्याकडे सीडी नाही त्याच्याकडे मराठी नाही. त्या काळी राजारामपुरीत काय, कुठेच फारशा लोकांकडे मूळ सीडी नसायची. ही एक टिक आपोआप लागायला विंडोज व्हिस्टा यावी लागली, २००७ मध्ये.

युनिकोडमध्येही मराठीला थोडी ओढाताण करावीच लागली. चंद्रकोरीच्या र ला स्वतःचं घर नाही. दक्षिणेकडच्या भाषांतला कठीण र लिहिता यावा म्हणून ठेवलेलं ‘ऱ’ हे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेलं अक्षर आहे, त्याचा पाय मोडला की चंद्रकोर होते. इनस्क्रिप्टवर गुऱ्हाळ म्हणजे सात ठोके : आय, जी, शिफ्ट धरून जे, डी, यू, ई, शिफ्ट धरून एन. साधा जे मारलात तर रफार, शिफ्ट धरून मारलात तर ‘ऱ्ह’. एवढाच फरक. तो न सांगितल्यामुळे शाळा-कॉलेजातली पोरं वर्षानुवर्षं ‘तर्हा’ आणि ‘सातार्याचा’ लिहीत आली. ‘ॲ’ची गोष्टही तशीच. त्याला घर मिळालं थेट २००८ मध्ये. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे. म्हणून जुन्या फाइलमध्ये ‘ॲडव्हान्स’ शोधलं आणि सापडलं नाही तर फाइलला दोष देऊ नका, तिथं दोन वेगळे संकेत पडलेत. मंगलमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते ही तक्रारही जुनीच. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलं, पण पडद्यावर काय दिसणार हे शेवटी फॉन्टवर ठरतं.

मग आपल्या चौकाचौकांतले फ्लेक्स अजून जुन्याच फॉन्टवर का? वाढदिवस, तालमीचा गणपती, फुटबॉलचा मोसम, रात्री दहाला मजकूर येतो आणि पहाटे बोर्ड लागायचा असतो. जाड, वळणदार, भगव्या बोर्डावर उठून दिसणारी अक्षरं सोंगाच्या फॉन्टांत ढिगानं होती आणि डिझायनरला ती पाठ होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोडचं देवनागरी कधी कळलंच नाही. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी आली २०१२ मध्ये, तीही सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागते. तोवर सवय मुरली होती. आता ग्राहक मजकूर पाठवतो मोबाइलवरून, म्हणजे युनिकोडमध्ये. डिझायनर तो कन्व्हर्टरमधून सोंगात नेतो, आणि नेमकी ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ ही अक्षरं वाटेत सांडतात.

रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा हा सगळा खेळ छोट्या प्रमाणात पुन्हा झाला. १५ जुलै २०१० ला सरकारनं ₹ स्वीकारलं. डी. उदय कुमार यांचं ते रेखाटन, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या ज्या डिझाइन विभागात र. कृ. जोशी शिकवत, तिथलेच ते विद्यार्थी. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरमध्ये आलं, पण लोकांना थांबवेना. मंगळूरच्या एका कंपनीनं फॉन्ट काढला आणि एक आकड्याच्या डावीकडच्या बटणावर, उलट्या टिकलीच्या घरात, रुपया बसवला. पुन्हा सोंगच. आजही एखाद्या छापील बिलावर रकमेआधी नुसती तिरकी टिकली दिसते, ती त्या फॉन्टची आठवण. आता भारतीय इंग्रजी कीबोर्ड निवडला की कंट्रोल, ऑल्ट आणि ४ एकदम दाबलं की ₹ येतं. रिजनच्या जादा सेटिंगमध्ये लाख-कोटीचे स्वल्पविरामही लावता येतात. गुळाच्या सौद्याचा हिशेब मिलियनच्या स्वल्पविरामात वाचणारे व्यापारी मी पाहिलेत, त्यांना हे कुणी दाखवलंच नव्हतं.

नवं मशिन आलं असेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. बहुतेकांनी फोनेटिक कीबोर्ड घ्यावा, तो मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून आतच आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी करून देतो. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यानं इनस्क्रिप्टला महिनाभर द्यावा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. आणि जुनं मशिन फॉरमॅट करण्याआधी फॉन्ट्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून घ्या. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक फॉरमॅट झाल्यावर ऐकतात. त्या फोल्डरशिवाय तुमच्या वीस वर्षांच्या फाइली म्हणजे पुन्हा ती भेळ.

गेल्या हंगामात एका ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडे बसलो होतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत गुऱ्हाळाच्या उद्घाटनाचा बोर्ड, आणि ‘ह’वर ठळक रफार. मी त्याच्या पोराला म्हटलं, बाळा, हे चुकलंय, चंद्रकोर बसव, तुझ्या या फॉन्टमध्ये तिला स्वतंत्र घर आहे. पोरानं घर शोधलं, बसवली, मालकाला फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. पोरगं ऐकून घेऊन माझ्याकडे वळलं.

‘काका, मालक म्हणत्यात पहिलंच ऱ्हाऊ दे. पावतीबुकं पन तशीच छापून आल्यात.’