स्तनवृद्धी शस्त्रक्रिया: तारीख ठरवण्याआधी हे वाचा

पहिल्या भेटीत बहुतेक जणी एकच प्रश्न घेऊन येतात: “कप किती वाढेल?” याचं उत्तर आम्ही देत नाही, आणि जे छातीठोकपणे देतात त्यांच्यापासून जरा जपूनच राहा. कप हे माप ब्रा शिवणाऱ्यांचं. एका कंपनीचा सी दुसरीच्या बी एवढाच भरतो. इम्प्लांट (स्तनात बसवायची सिलिकॉनची पिशवी) मोजतात सीसीमध्ये, आणि एक सीसी म्हणजे एक मिली. ते किती सीसीचं घ्यायचं हे तुमच्या छातीची रुंदी, कातडीचा ताण आणि मूळचा स्तन यांवर ठरतं. अरुंद छातीवर रुंद इम्प्लांट बसवलं तर ते काखेकडे जातं आणि चालताना दंडाला लागतं. मैत्रिणीला 325 सीसी शोभलं, म्हणून तुम्हालाही शोभेल असं नाही.

अंदाज घ्यायचा तर घरीच घ्या. मापाच्या भांड्याने (वजनकाट्याने नव्हे) 250 मिली तांदूळ मोजा, जुन्या पातळ मोज्यात बांधा, तशीच दुसरी पुरचुंडी करा आणि दोन्ही सैलशा ब्रामध्ये ठेवा. आता आरशासमोर उभं राहू नका. दोन-तीन तास घरात वावरा, केर काढा, जिना चढा, नेहमीचा कुर्ता घालून बघा. 300 सीसीचं सिलिकॉन इम्प्लांट साधारण 300 ग्रॅमचं असतं. म्हणजे दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या वर वजन तुम्ही रोज बाळगणार. तांदळाच्या पुरचुंड्या काढल्यावर “हुश्श” वाटलं, तर आकडा खाली आणू.

इम्प्लांटने स्तन भरतो, वर उचलला जात नाही. बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली आलं असेल, तर नुसतं इम्प्लांट घालून तोच स्तन मोठा होऊन ओघळलेला दिसेल. तिथे कातडी आवळून उचलण्याची शस्त्रक्रिया लागते आणि तिचे व्रण जास्त असतात. एक स्तन लहान, एक मोठा हे तर जवळजवळ सगळ्यांचंच असतं. फरक खूप असेल तर दोन्हीकडे वेगळ्या मापाची इम्प्लांटं बसवतो, तरी दोन्ही बाजू हुबेहूब होतील असं वचन देत नाही.

बाळाला पाजत असाल तर दूध बंद होऊन सहा महिने जाऊ द्या. वर्षभरात मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या, कारण गरोदरपणात आकार बदलतोच. शस्त्रक्रियेनंतरही बहुतेक जणींना अंगावर पाजता येतं, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. स्तनाग्राभोवतीच्या छेदात दुधाच्या नळ्यांना धक्का लागण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्ही शक्यतो स्तनाखालच्या घडीत चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेतो. तो व्रण घडीत लपतो. सौंदर्यासाठी सिलिकॉन इम्प्लांट घालायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किमान वय 22 ठेवलं आहे. आम्हीही तेच धरतो, आई सोबत येऊन आग्रह करत असली तरी.

तंबाखूबद्दल खरं सांगा

फॉर्मवर “धूम्रपान” समोर बहुतेक जणी “नाही” लिहितात, आणि ते खरंच असतं. मग आम्ही विचारतो, “मिश्री?” तेव्हा मान खाली जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिश्री, तपकीर, सिगारेट सगळं बंद. अ‍ॅस्पिरिन, लसणाच्या गोळ्या, फिश ऑइल, कुठलाही काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही सांगा. यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती ज्यांनी दिली, त्यांच्याशी आम्ही बोलतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

हा भाग थोडक्यात उरकतो, कारण तुमच्यासाठी तो झोपेतच जातो. पूर्ण भूल, दीड-दोन तासांचं काम. सहा तास आधीपासून जेवण बंद, चहाही नाही. इम्प्लांट कधी स्तनग्रंथीच्या मागे, तर बारीक अंगाच्या स्त्रियांत वरचा भाग स्नायूखाली असं बसवतो, म्हणजे कडा उठून दिसत नाही. स्नायूखाली बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं. रात्रभर ठेवून सकाळी सोडतो.

घरी गेल्यावर

खरी परीक्षा इथे, कारण आठवड्याभरात दुखणं कमी होतं आणि बायका कामाला लागतात. पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. म्हणजे वरच्या फळीवरचा डबा नाही, दोरीवर कपडे वाळत घालणं नाही, वेणी दुसऱ्या कोणीतरी घालायची. कणीक मळायची नाही. पोळ्या लाटताना छातीचा स्नायू किती ओढला जातो हे या काळातच कळतं. कुकरचं घट्ट झाकणही दुसऱ्याकडून काढून घ्या. चार ते सहा आठवडे कळशी, सिलिंडर, बाजाराची पिशवी काही उचलायचं नाही. लहान मूल असेल तर तुम्ही खाली बसा, त्याला मांडीवर येऊ द्या.

स्कूटर तीन आठवड्यांनी चालवली तरी मेन स्टँडवर लावू नका. त्या एका हिसक्याने रक्त साकळलेली रुग्ण आम्ही पाहिली आहे. गावाहून एसटीने येणाऱ्यांनी पहिल्या तपासणीला सोबत माणूस आणावं. उभं राहून वरचा दांडा धरायची वेळ आली तर पंचाईत.

झोपायचं पाठीवर, दोन-तीन उशांवर टेकून. आम्ही दिलेली सर्जिकल ब्रा सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, तारेची ब्रा तीन महिने नाही. मालिश आम्ही सांगितल्याशिवाय करू नका, तेल लावून तर नाहीच. ऑफिसचं बैठं काम आठ-दहा दिवसांत सुरू करता येतं. सुरुवातीला स्तन उंच आणि घट्ट दिसतात, क्वचित एक आधी खाली उतरतो, दुसरा मागाहून. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. तोवर दर आठवड्याला फोटो काढून काळजी करत बसू नका.

घरी काय सांगायचं हा तुमचा खासगी प्रश्न आहे. आमच्याकडून कोणाला काही कळत नाही. एकच विनंती: “गाठ काढली” असं सांगू नका. मग सासूबाई देव पाण्यात घालून बसतात आणि नातेवाईक रिपोर्ट मागतात. “छातीचं ऑपरेशन झालंय, वजन उचलायचं नाही” एवढं पुरतं.

ताबडतोब फोन कधी

पहिल्या दोन दिवसांत एक बाजू अचानक टम्म फुगली, ताठ झाली, निळसर पडली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. ताप, लाली, टाक्यातून पाणी, धाप लागणं, पोटरी सुजून दुखणं, यांतही थांबू नका. स्तनाग्राला बधिरपणा किंवा झिणझिण्या मात्र काही आठवडे-महिने राहू शकतात. थोड्या जणींत त्या कायमच्या राहतात.

पुढची वर्षं

ह्यूस्टनला 1962 साली पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं गेलं. तेव्हापासून बरंच सुधारलं, पण “बसवा आणि विसरा” असं इम्प्लांट अजून निघालेलं नाही. दहा वर्षांनी काढावंच लागतं असं नाही, पण जन्मभर टिकेल असंही नाही. शरीर परक्या वस्तूभोवती पातळ पापुद्रा विणतं. काहींमध्ये तो आवळत जातो आणि स्तन कडक, दुखरा होतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया. सिलिकॉन इम्प्लांट फाटलं तर बहुतेक वेळा बाहेरून कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एकदा.

खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांटं 2019 साली जगभरातून परत मागवली गेली. त्यांच्याभोवतीच्या पापुद्र्यात एक दुर्मिळ लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) आढळला होता. आम्ही गुळगुळीतच वापरतो, तरीही वर्षा-दोन वर्षांनी एखादी बाजू विनाकारण सुजली तर या. आतलं पाणी तपासायला हवं. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) जाल तेव्हा इम्प्लांट आहे हे आधी सांगा, जास्तीच्या फिल्म वेगळ्या पद्धतीने घ्याव्या लागतात.

खर्च

केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागतो. जन्मजात दोष किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीचं तसं नाही. पुढच्या तपासण्या आणि कधीतरी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया यांचाही हिशेब आत्ताच धरा. कर्ज काढून करू नका, असं आमचं मत. डॉक्टर कुठेही निवडा, पण प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जे रागावतात तिथून उठा.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं कार्ड मिळेल. त्यावर कंपनी, माप आणि सिरियल नंबर असतो. मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि मूळ कार्ड सोन्याच्या पावत्या ठेवता त्या डब्यात ठेवा.